तीन धुण्यांनंतर

सकाळी टे नदीवर समुद्राकडचं धुकं चढतं.
इथे डंडीत त्याला ‘हार’ म्हणतात.
पहिल्या वर्षी मला वाटायचं, कोण हरलं?
मग वाटायचं, कुणाच्या गळ्यात घालायचा?
आता काही वाटत नाही. कोट काढते, हातमोजे चढवते,
इन्क्युबेटरचं दार उघडते. आत सदतीस अंश.
बाहेर चार.

बशीत पेशींचा एक पातळ थर,
कुणा एका बाईच्या, तीसेक वर्षांपूर्वीच्या.
तिचं नाव फाइलमध्ये नाही.
तिच्या आतल्या अस्तराचा तेवढा तुकडा
अजून वाढतोय. दर आठवड्याला मी त्याचं
बिऱ्हाड नव्या बशीत हलवते.
तासाभरापूर्वी त्यावर जिवाणू सोडले.
एवढ्यात काय ती ओळख व्हायची,
पण होते.

आता धुवायचं.
एकदा. नुसते तरंगत होते ते गेले.
दुसऱ्यांदा. टेकले होते पण पाय रोवले नव्हते, तेही.
तिसऱ्यांदा हात आपोआप हलका होतो.
उरतील तेवढेच मोजायचे.
कर्स्टी विचारते, किती?
पेशीमागे अकरा, मी सांगते.

लॅक्टोबॅसिलस. लांबट, सरळ,
अंगावर प्रथिनांचे बारीक आकडे,
पेशीच्या साखरेच्या लवेत ते अडकवून
निवांत बसलेले. झडलेल्या पेशी
साखर मागे ठेवून जातात,
हे ती खातात आणि सगळं आंबट करतात.
विरजण, दुसरं काय.
त्या आंबटात परकं कुणी सहसा टिकत नाही.

गार्डनेरेला येते तेव्हा
आधी तो ओला चिकट पडदा कुरतडते,
मग पेशीच्या कातडीला भोकं पाडते,
मग आपल्या माणसांना बोलावून घेते,
थरावर थर, थरावर थर,
की पेशीचा काठच दिसेनासा होतो.
आत्ता या खिडकीतून
पलीकडचा फाइफचा किनारा दिसत नाही, तसा.
पेशीही गप्प बसत नाही, हे मला आवडतं.
वरची साल सोडून देते,
बसलेल्यांसकट.

नमुना सव्वीस.
इशबेल नर्सची चिठ्ठी: वय बेचाळीस, तक्रार नाही.
एकाही पेशीला काठ नाही.
क्रमांक कुणाचा ते मला कळायला नको होतं,
पण देणाऱ्या बायका कमी पडल्या त्या दिवशी
माझ्या आधी पंचवीस जणी आत जाऊन आल्या होत्या.

तक्रार नाही, असं मीच सांगितलं होतं.
तक्रार करायला आमच्याकडे शब्द तरी कुठे होता?
‘अंगावरून जातंय’ म्हणायच्या बायका.
काय, कुठून, ते गिळून.
माझ्या प्रबंधात तो शब्द दोनशे वेळा आहे, इंग्रजीत.
मराठीत, मोठ्याने, एकदाही नाही.

चंपूमावशी तुरटीच्या पाण्याने धुवायची.
रोज. मग दिवसातून दोनदा. मग साबणाने.
डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. वासाने सांगितलं होतं,
आणि काकांनी, पाठ फिरवून झोपून.
जितकं धुवावं तितकं विरजण वाहून जातं,
हे तिला कोण सांगणार?
मी तेव्हा नऊ वर्षांची,
मोरीच्या दाराबाहेर तांब्याचे आवाज मोजत बसलेली.
एक. दोन.
तीन.

रविवारी फोनवर तिचा नेहमीचा प्रश्न,
तिकडे नेमकं करतेस काय गं?
आजवर मी म्हणायचे, प्रयोगशाळेत असते.
आज म्हणाले, मावशी, दह्यासारखंच काहीतरी.
बायकांच्या अंगातलं.
ती बराच वेळ गप्प.
कुर्डुवाडीच्या बाजूने नुसता पंख्याचा आवाज.
मग हळूच,
‘आपलं विरजण संपलं, तर दुसरीचं चालतं का गं?’

बाहेर हार विरत होता.
पुलाचे पहिले चार खांब दिसले.
माझ्याकडे उत्तर अर्धंच होतं.
तेवढं दिलं.